आमची वाटचाल : सातबाऱ्याच्या झेरॉक्सपासून जगाच्या नकाशापर्यंत

खामगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात आमचं दुकान आहे. सुरुवात झेरॉक्स आणि शाळेच्या वह्यांपासून झाली. स्पर्धा परीक्षेची पोरं इतिहासाची पुस्तकं घ्यायची आणि परीक्षा झाली की अर्ध्या किमतीत आम्हालाच विकायची. तीच पुस्तकं आम्ही भाड्याने द्यायला लागलो. न्यायला मात्र पोरांपेक्षा त्यांचे बाप आणि काका जास्त यायला लागले.

एका कास्तकाराने काउंटरवरच विचारलं, "भाऊ, लढाई तिकडं अमेरिकेत, मंग आपल्या कापसाले भाव कायले चढला?" १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, म्हणून खरेदीदार वऱ्हाडाकडे वळले. १८६५ मध्ये लढाई थांबली आणि भाव कोसळले. तरी कापसाचा व्यापार टिकला. जलंबहून खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली ती त्यासाठीच. हे सांगताना मी नकाशांचं पुस्तक उघडलं आणि चहा प्यायला आलेली माणसंही भोवती जमली.

ते पुस्तक आता विकायचं नाही, काउंटरवरच असतं. पुठ्ठा दोनदा चिकटवलाय. काळ्या समुद्राचं पान बोटांनी मळलंय, कारण २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, सूर्यफुलाचं तेल महागलं आणि जो तो ओदेसा बंदर शोधायला लागला.

खेड्यात असली पुस्तकं खपत नाहीत, असं वितरक अजून सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन बघावं. प्रवासातून थकून आलेली माणसं तिथून पिशव्या भरून पुस्तकं नेतात. आमचीही तत्त्वज्ञानाची बरीचशी खरेदी तिथलीच. बाबासाहेब आणि बुद्ध वाचून झाले की काहीजण चार्वाक मागतात. शिवणकाम करणाऱ्या एक ताई सॉक्रेटिसवरचं पुस्तक तिसऱ्यांदा घेऊन गेल्यात. पळून जायची सोय असताना त्याने विषाचा प्याला का घेतला, यावर त्यांचं आणि माझं अजून एकमत नाही.

उधारी कापूस विकला की फिटते, म्हणून मोठी खरेदी दिवाळीनंतरच. यंदा आफ्रिकेचा इतिहास मागवायचा आहे. माली आणि बुर्किना फासोमध्येही आपल्यासारखाच कापूस होतो, हे कळल्यापासून दोघं-तिघं मागे लागलेत. मराठीत मिळेल ते सगळं आणणार आहे.