आमची वाटचाल : प्रदर्शनाच्या मांडवातून

रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) अशी जिवाणू खतं, म्हणजे पिकाला नत्र-स्फुरद मिळवून देणारे जिवंत जिवाणू, आम्ही बनवतो. नव्या कंपनीचा माल दुकानदार सहसा ठेवून घेत नाही, घेतलाच तर उधारीवर. त्यामुळे आमचा धंदा उभा राहिला तो कृषी प्रदर्शनांवर. मोठ्या प्रदर्शनातला स्टॉल तेव्हा परवडत नव्हता. कृषी विभाग आणि ‘आत्मा’ (जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) भरवतात ते जिल्हा कृषी महोत्सव हाच आमचा बाजार.

सरकारी मांडव म्हणजे गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक येणारच. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात, म्हणजे खतांच्या दर्जाच्या आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांत, आहेत. त्यामुळे परवाना, उगम प्रमाणपत्र (माल कुठल्या कंपनीकडून आला त्याचा दाखला), बॅच नंबर, अंतिम तारीख, सगळं तयार ठेवावं लागतं. विक्रीचा परवाना पत्त्यावर मिळतो आणि मांडवाला कसला पत्ता? म्हणून आम्ही तिथे माल विकायचं सोडून नोंदणी घ्यायला लागलो. माल त्या तालुक्यातल्या परवानाधारक दुकानातून द्यायचा. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, मग दुकानदार कशाला नाही म्हणतोय! आमचे बरेचसे विक्रेते असेच जोडले गेले.

खरी धास्ती उन्हाची. द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. मार्चच्या दुपारी तापलेल्या मांडवात बाटली दिवसभर राहिली तर त्यातल्या किती जगतील? नमुना मात्र तिथूनही उचलला जाऊ शकतो आणि नापास झाला तर बट्टा कंपनीला. तेव्हापासून मांडणीत रिकाम्या बाटल्या आणि भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्यांशेजारी.

शेजारच्या स्टॉलवर ह्युमिक ॲसिडचं, समुद्रशेवाळाचं पिकाचं ‘टॉनिक’ बिनधास्त खपायचं, कारण ते कुठल्याच आदेशात बसत नव्हतं. शेतकरी आम्हालाच विचारायचे, “तुमचंच का तपासतात हो? काही भेसळ आहे का?” काय सांगणार! फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने अशी टॉनिकं, म्हणजे जैव उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखालीच आणली आणि “कागद दाखवा” हे त्यांच्याही कानी पडू लागलं.

तपासणीला आमचा विरोध नाही. उलट तिच्यामुळेच छोट्या कंपनीला पत मिळते. पण कागद बघायचेच तर स्टॉल देताना बघावेत. महोत्सव निम्मा उरकल्यावर कागद नसलेला स्टॉल बंद केला, तोवर पहिल्या दिवशीचे शेतकरी बाटली घेऊन घरी गेलेले असतात. काही जिल्ह्यांत अर्जासोबतच परवान्याची प्रत घेतात. आम्ही ती न मागताही जोडतो, सोबत साठवणुकीच्या तापमानाचं एक पान.