३०६० की ४०६०? आधी तुमचा बोर्ड आणि तुमची खोली बघा

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० १२ जीबी आणि आरटीएक्स ४०६० ८ जीबी या दोन ग्राफिक्स कार्डांत, गेम १०८०पी ला चालवला तर ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे आहे, मधल्या फ्रेम स्वतः रचणारं फ्रेम जनरेशन बंद ठेवून. आकडा खरा आहे. पण तो एसीत, उघड्या टेबलावर मांडलेल्या महागड्या प्रोसेसरवर काढलेला असतो. मे महिन्यात परभणीत पत्र्याखालच्या खोलीत, जुन्या मदरबोर्डावर तोच फरक मिळेल असं धरून पैसे मोजू नका.

कागदावर तर नवं कार्ड अधूच वाटतं. २०२१ च्या ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), २०२३ च्या ४०६० मध्ये ३०७२. मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, १९२ बिटवरून १२८ वर आली, त्यावरून वाहणारा डेटा (बँडविड्थ) सेकंदाला ३६० जीबीवरून २७२ वर. तरी ते पुढे जातं, कारण बूस्ट क्लॉक (लोडखालचा चिपचा वेग) १७७७ वरून २४६० मेगाहर्ट्झवर गेलाय आणि चिपमधलीच छोटी मेमरी, एल२ कॅश, ३ एमबीची २४ एमबी झालीय. चिपला मेमरीकडे वारंवार धावावं लागत नाही. रिझोल्युशन वाढवत नेलं की मात्र कॅश पुरेनाशी होते आणि अरुंद बस जाणवायला लागते.

आता स्लॉट, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड बसतं ती पीसीआयई खाच. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. ३०६० सोळा लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, ४०६० आठच. पीसीआयई ४.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला जवळपास १६ जीबी, भरपूर झालं. पण बी४५०, ए५२०, एच४१० असले बोर्ड ३.० चे, तिथं ४०६० ला ८ जीबीच्या आसपासच रस्ता मिळतो. रायझन ५ ५६००जी लावलेला असेल तर बोर्ड बी५५० असूनही उपयोग नाही, कारण तो प्रोसेसरच ३.० वर थांबतो. व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डावरच्या मेमरीत, सगळं मावतंय तोवर नुकसान किरकोळ. ८ जीबी भरली की टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) मशीनच्या रॅममधून ओढावे लागतात, आणि तेव्हा अरुंद रस्त्यावर गर्दी होते: सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगला दिसतो, पण गेम मधूनमधून अडखळतो.

तुमचा स्लॉट कसा चाललाय ते कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’च्या रकान्यात दिसतं. कार्ड रिकामं असताना तिथं ‘एक्स८ १.१’ असं काहीतरी येतं आणि लोक घाबरून दुकानात फोन करतात. वीज वाचवायला लिंक खाली उतरलेली असते, एवढंच. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा. लोड आल्यावर जो आकडा दिसेल तो खरा.

मोजताना नुसती सरासरी लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ८० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १२.५ मिलिसेकंद, त्यात अधूनमधून ५० मिलिसेकंदांची फ्रेम आली तर डोळ्याला झटका बसतो, सरासरीला पत्ताही लागत नाही. म्हणून कॅपफ्रेमएक्स या मोजणीच्या प्रोग्रॅमने १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस, काढा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणं) बंद, फ्रेमची मर्यादा काढलेली, दोन्ही कार्डांना ड्रायव्हर एकच, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. गेमचा तोच तुकडा तीनदा खेळा आणि पहिली फेरी सोडून द्या, तिच्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. जीपीयू युसेज सतत ७०-८० टक्क्यांवर दिसत असेल तर तुलना तिथंच थांबवा, कारण तुम्ही प्रोसेसर मोजायलात, कार्ड नाही. आणि ज्या तक्त्यात ४०६० दुप्पट पुढे दाखवलंय, तिथं खालच्या बारीक अक्षरात डीएलएसएस ३ लिहिलेलं असतं. त्यातलं फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम भरून काढतं. चित्र गुळगुळीत दिसतं, माऊसचा प्रतिसाद मात्र मूळ फ्रेमइतकाच किंवा किंचित मंद राहतो.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे. पंख्याचा वेग तोच ठेवला तर खोली जितके अंश तापते तितकंच कार्डही तापतं. २५ अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारं कार्ड ४० अंशांत ८३ च्या घरात जातं. तिथवर पोचायच्या आधीच क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने उतरायला लागतो आणि पंखे ओरडायला लागतात. ३०६० ची १७० वॅट उष्णता त्याच खोलीत सुटते, ४०६० ची ११५. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ४०६० चा खरा फायदा हा आहे, १५ टक्के एफपीएस नव्हे. ३०६० असेल तर आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा: १७० चे १३६ वॅट होतात, आणि फ्रेम मात्र २० टक्क्यांनी कमी होत नाहीत, घट बरीच कमी असते. एअर कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या पाण्याचे तुषार उडून सुकले की हीटसिंकच्या पात्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो. तो धुळीसारखा ब्लोअरने निघत नाही.

विजेचंही तसंच. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस ३६० वॅट देतो. ३०६० चं मशीन मॉनिटरसकट गेममध्ये ३०० च्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ जातं, त्यामुळे लाइट गेली की यूपीएस चीं करून बंद पडू शकतो. ४०६० ला ५५ वॅटांची सवड मिळते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन बदलताना मशीन रिस्टार्ट होतं. साटा ते ८ पिन अॅडॉप्टर फुकट मिळाला तरी लावू नका. साटाची जोडणी ५४ वॅटांची, ८ पिनची १५० ची, प्लॅस्टिक वितळतं.

मग ३०६० घ्यायचं कुणी? ज्यांना मेमरी लागते त्यांनी. थ्रीडीच्या ब्लेंडरमधला सीन ८ जीबीबाहेर गेला की रेंडर रखडतो, व्हिडिओ एडिटिंगच्या रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं की ‘जीपीयू मेमरी फुल’ची पट्टी येते. १३ अब्ज पॅरामीटरचं ४ बिट एआय मॉडेल १२ जीबीत बसतं, ८ त बसत नाही. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं: कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा दाबलेला व्हिडिओ) देत असेल तर ही दोन्ही कार्डं ते फुटेज हार्डवेअरवर डिकोड करत नाहीत. तिथं अकराव्या पिढीपासूनचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर कामाला येतो, तोही ‘एफ’ नसलेला, म्हणजे आतलं ग्राफिक्स शाबूत असलेला.

२०२५ चं ५०६० सुद्धा ८ जीबी आणि आठ लेनचंच आहे, त्यामुळे जुन्या बोर्डवाल्यांचा पेच तसाच.

जुनं ३०६० घेताना खोक्यावर विसंबू नका. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालंय, १२८ बिट बस आणि २४० जीबी बँडविड्थचं. ते चांगलंच मागे पडतं. जीपीयू-झेडमध्ये १२२८८ एमबी आणि १९२ बिट दिसलं पाहिजे, नावाआधी ‘फेक’ आलं तर उठून या. मग अर्धा तास लोड द्या आणि हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडा बघा. तो जीपीयूच्या तापमानापेक्षा २५-३० अंशांनी वर असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पेस्ट आणि पॅडचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोला.