मंगळवारची मोटारसायकल

आमच्या मिरजेत गल्लोगल्ली लॅब. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, संध्याकाळी दूध आणायला जाताना रिपोर्ट घेऊन यायचा. लॅबच्या मशिनांच्या देखभालीसाठी युगांडात आलो आणि रक्तालाही प्रवास असतो हे कळलं.

गेल्या महिन्यात मसाका भागातल्या एका हबवर सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं मशीन, बिघडलं होतं. हब म्हणजे बरी लॅब असलेलं मोठं रुग्णालय. भोवतीच्या तीस-चाळीस किलोमीटरमधली आरोग्य केंद्रं त्याला जोडलेली. हबकडे एक मोटारसायकल, एक रायडर आणि केंद्रागणिक ठरलेला वार, आपल्या आठवडी बाजारासारखा. पार्ट कंपालाहून येईपर्यंत मला काम नव्हतं, म्हणून बोडाबोडा करून रायडरच्या मागे निघालो. (बोडाबोडा म्हणजे दुचाकी टॅक्सी. बहुतेक गाड्या आपल्या पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर!) दोन्हीकडे केळीच्या बागा, मधे लाल मुरूम. इथेही त्याला 'मरम'च म्हणतात.

पहिल्या केंद्रावर सिस्टरने थुंकीच्या डब्या आणि रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. मग एक साधं पाकीट दिलं. आत जाड टिपकागदाची कार्डं, प्रत्येकावर गोल वर्तुळांत सुकलेले रक्ताचे डाग. दीड महिन्याच्या बाळांच्या टाचेतून काढलेले. आई एचआयव्हीबाधित असेल तर तिची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, आणि नेहमीची तपासणी प्रतिपिंडंच शोधते, त्यामुळे ती फसवते. विषाणूच शोधावा लागतो, आणि ते मशीन काही केंद्रावर नसतं. थांबायलाही सवड नाही, कारण उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. डाग मात्र सुकला की बर्फ लागत नाही, कागदासारखा प्रवास करतो.

ही कार्डं युगांडात 2006 मध्ये आली. पण ती न्यायची कोणी? टपालखातं तेव्हा बाळांची ही तपासणी करणाऱ्या जेमतेम 35 टक्के केंद्रांपर्यंत पोचत होतं, बाकीची जमेल तशी पाठवत. मग हब सुरू झाले. 2012 च्या मध्याला सुरुवातीचे 19 हब आणि त्यांची 616 केंद्रं पाहिली, तेव्हा वाहतुकीचा खर्च 62 टक्क्यांनी उतरलेला आणि रिपोर्टला लागणारा वेळ जवळजवळ निम्मा झालेला निघाला. एसएमएसने आलेला रिपोर्ट छापणारे प्रिंटर बसवल्यावर उरलेला वेळही पुन्हा जवळजवळ निम्म्यावर आला.

मला वाटलं होतं, सगळी करामत गाडीच्या वेगाची. पण हा गडी रमतगमत चालवत होता. प्रत्येक केंद्रावर सिस्टर आधी त्याच्या पिशवीत हात घालायची, मागच्या नमुन्यांचे रिपोर्ट काढायची, आणि मगच नवे नमुने द्यायची. एकीने तर रिपोर्ट वाचता वाचताच फोन उचलून कुणा आईला बोलावून घेतलं.

सहाव्या केंद्रावर द्यायला काहीच नव्हतं. वीस किलोमीटर धूळ खाऊन फक्त रजिस्टरात सही. माझ्या हिशेबी डोक्याला ते सहन होईना. "फोन करून विचारायचं ना आधी!"

तो हसला. "सेबो," म्हणजे साहेब, "मी एक मंगळवार चुकवला, की पुढच्या आठवड्यात सिस्टर बाळाची टाच टोचतच नाही. म्हणते, नेणार कोण?"

त्याने सही केली, वेळ लिहिली, आणि हेल्मेट चढवलं.