कट-कट-कट, पुट-पुट-पुट

कट-कट-कट. पुट-पुट-पुट. हिट-हिट-हिट. शट-शट-शट.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हे वाचून माग आठवेल. माझं उलट झालंय. मला माग ऐकला की इंग्रजी क्रियापदं आठवतात. आमच्या घराच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना होता. आठ मागांचा, म्हणजे गल्लीच्या मानानं मोठाच. सकाळी सहाला माग सुरू व्हायचे, धोटा इकडून तिकडं पळायला लागायचा आणि ओट्यावर मांडी घालून मी व्याकरणाच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचो. इंग्रजी आम्हाला पाचवीत भेटलं. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर आम्ही सुटलो होतो. पाढे, पसायदान आणि क्रियापदांची तीन रूपं या गोष्टी अर्थ न विचारता पाठ करायच्या असतात अशी आमची पक्की समजूत होती. तिन्ही रूपं सारखी असलेली क्रियापदं मागाच्या तालावर फार छान बसायची. 'गो-वेंट-गॉन' आलं की ताल तुटायचा. लाइट गेली की माग थांबायचे आणि मीही 'सिंग-सँग'वर थांबायचो. 'संग' लाइट आल्यावर.

त्या पानावरच्या काही मंडळींशी माझं पटलंच नाही. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग असं सुरळीत चाललेलं असताना 'ब्रिंग'नं 'ब्रॉट' व्हायचं काय कारण होतं? मी सहामाहीत 'ब्रँग' लिहून आलो आणि मला अजूनही वाटतं की चूक माझी नव्हती. 'रीड-रेड-रेड' तर सरळसरळ लबाड. लिहायला एक, वाचायला दुसरं. आणि 'लाय-ले-लेन' व 'ले-लेड-लेड' ही जोडी ज्यानं शेजारी शेजारी छापली त्याला मुलांची दया कशी आली नाही? पहिलं आडवं पडणाऱ्याचं, दुसरं अंडं घालणाऱ्या कोंबडीचं, आणि पहिल्याचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचा वर्तमानकाळ. आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्यांत कोंबडी काल अंडं घालायचं सोडून आडवी झाली होती.

आम्ही उच्चार पेन्सिलीनं देवनागरीत लिहून ठेवायचो, त्यातून आणखी एक घोटाळा. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल'. नापास होणं म्हणजेही 'फेल'. माझा बाकावरचा मित्र एकाच आठवड्यात सायकलवरून पडला आणि गणितात गटांगळी खाऊन आला. दोन्ही बातम्या त्यानं घरी एकाच वाक्यात सांगितल्या, 'आय फेल'. मार मात्र एकाच गोष्टीचा मिळाला.

नववीत सरांनी निबंध दिला, आपल्या गावातलं एक ठिकाण. बाकीच्यांनी सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला वाटून घेतले, मी चार हुतात्मा पुतळ्यांवर लिहिलं. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर असं पेटलं होतं की सरकारला शहरात मार्शल लॉ पुकारावा लागला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सोलापूरच्या पोराला हे सांगावं लागत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गडबड सुरू झालेली असते, त्याच दिवसांत ही तारीख येते. मला प्रश्न फक्त क्रियापदाचा होता. हँग-हंग-हंग, पान तोंडपाठ. मी ठोकून दिलं, 'दे वेअर हंग'.

सरांनी मला टेबलाजवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. मागं बोट दाखवून विचारलं, "त्या खिळ्याला काय आहे?"

"तुमची छत्री, सर."

"ती हंग. माणूस हँग्ड." मग ते थोडं थांबले आणि मराठीत म्हणाले, "हुतात्म्यांना टांगलं, असं म्हणशील का घरी?"

मी मान हलवली. सरांनी ते वाक्य मला फळ्यावर लिहायला लावलं, एकदाच. वर्गात कुणी हसलं नाही, हे मला आजही आठवतं. ज्यांनी फाशी दिलं त्यांच्याच भाषेत फाशीचं बिनचूक रूप गिरवताना खरं तर काहीतरी वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. मार्क कापले नाहीत एवढाच आनंद होता. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की जुन्या इंग्रजीत लटकण्या-लटकवण्यासाठी वेगवेगळी क्रियापदं होती. ती एकमेकांत मिसळली, बहुतेक ठिकाणी 'हंग' जिंकलं. पण शिक्षा सुनावणारे न्यायाधीश जुनंच रूप वापरत राहिले आणि 'हँग्ड' फाशीपुरतं उरलं. ज्यांनी आपल्याकडं एखादं जुनं खरेदीखत वाचलंय त्यांना कोर्टकचेरीची भाषा किती सावकाश हलते ते वेगळं सांगायला नको.

आता पुढची पिढी. माझी भाची शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहते, सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. एका रविवारी ताईकडं गेलो तर ही वही पुढ्यात घेऊन बसलेली. योग्य काळ वापरून रिकाम्या जागा भरा.

"मामा, गोचं वेंट कसं काय होतं? त्यातला ग गेला कुठं?"

पस्तीस वर्षं मी वेंट-वेंट करत आलो, हा प्रश्न कधी पडला नव्हता. पाठ केलेल्या गोष्टीला प्रश्न पडत नसतात. तिच्यासमोर अब्रू जायला नको म्हणून "आधी जेवून घे" असं सांगितलं आणि गुपचूप शोधायला बसलो. निघालं ते असं. 'वेंट' मुळात 'गो'चं नव्हेच. 'वेंड' नावाचं एक क्रियापद होतं, वाट धरणं या अर्थाचं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. 'गो'ला स्वतःचा निराळा भूतकाळ होता, अगदी वेगळ्याच चेहऱ्याचा, तो हळूहळू मागं पडला आणि त्याच्या जागी 'वेंट' येऊन बसलं.

"म्हणजे वेंट दत्तक गेलं," भाची म्हणाली.

"हो. आणि वेंडला मग वेंडेड नावाचं दुसरं मूल झालं."

हे तिला इतकं पटलं की मला पुढचं सांगायचा उत्साह आला. २००७ साली हार्वर्डच्या काही संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात या वाकड्या क्रियापदांचा हिशेब छापला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ वाकडी क्रियापदं त्यांनी धरली. आजवर वाकडी राहिली ती ९८. बाकीच्यांनी मुकाट्यानं 'एड' लावून घेतलं. 'हेल्प'चा भूतकाळ कधीकाळी 'होल्प' होता, १६११ च्या बायबलात 'होल्पन' सापडतं. जे क्रियापद शंभर पट कमी वापरात, ते दहा पट लवकर सरळ होतं. असणं, जाणं, करणं, म्हणणं ही दिवसातून शंभरदा तोंडात येणारी मंडळी तशीच वाकडी राहतात, कारण त्यांचं रूप विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. आमच्या आईचा कडक भाकरीचा तवा असाच आहे. रोज चुलीवर चढून चढून मध्ये खोलगट झालेला, आणि आता सपाट तव्यावर तिला भाकरी जमत नाही.

त्याच लेखात त्यांनी पुढं सरळ होणाऱ्या क्रियापदाचं भाकीतही केलं होतं. ते क्रियापद 'वेड'. लग्न करणं या अर्थाचं. वेड सरळ होणार, असं लिहून द्यायची छाती मराठी माणसाला झाली नसती.

एवढ्यात आतून ताईचा धाकटा आला, साडेतीन वर्षांचा, हात ओले, शर्ट ओला. "आई, मी हात धुणं करलं!"

"करलं नाही रे, केलं," ताई स्वयंपाकघरातून.

भाचीनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. ताई म्हणाली की दोन वर्षांचा असताना हाच पठ्ठ्या 'केलं' असं स्पष्ट म्हणायचा, आता मोठा झाला तर बिघडला. बिघडला कसला, त्याला नियम सापडला होता! बस-बसलं, पड-पडलं, तर कर-करलं. इंग्रज पोरंही आधी ऐकून ऐकून 'वेंट' म्हणतात, मग नियम हाती लागला की 'गोड' म्हणायला लागतात, आणि मग मोठी माणसं त्यांना पुन्हा वाकडं करतात.

"मामा, मराठीत पण असतात?"

असतात म्हणजे काय! पुढचा अर्धा तास ताईचा वरण-भात गार झाला. जा-गेला. कर-केला. मर-मेला. हो-झाला. घे-घेतला, पण दे-दिला. पड-पडला, तर मग उड-उडाला का? गळ-गळला, पण पळ-पळाला. लाग-लागलं, पण माग-मागितलं. भाची सूड उगवल्यासारखी एकेक काढत होती. मला धक्का बसला तो पहिल्याच जोडीचा. 'जा'चं मूळ संस्कृतातल्या 'या' धातूत आणि 'गेला'चं 'गम्'मध्ये, 'गत'मधून आलेलं. म्हणजे आपल्याही घरात दत्तकविधान झालेलं, आणि तेही नेमकं जाण्याच्याच क्रियापदाचं. जन्मभर बोलत आलो, पण त्याचं शेवटचं पान कुणी छापून हातात दिलं नाही म्हणून कळलंच नाही.

तशी सूचना लहानपणी मिळाली होती म्हणा. आमच्या शेजारच्या अज्जी कानडी. दारात उभ्या राहून त्या "बंदरु, बंदरु" म्हणाल्या की मला वाटायचं नळ बंद झाला. प्रत्यक्षात त्यांचे पाहुणे आलेले असायचे. कानडीत 'बा' म्हणजे ये, आणि आला म्हणजे 'बंद'. 'बा'मधला 'आ' कुठं गेला हे मी अज्जींना विचारलं असतं तर त्यांनीही "आधी जेवून घे" असंच सांगितलं असतं. पलीकडच्या घरात तेलुगू, मागच्या गल्लीत दखनी. एवढ्या भूतकाळांत वाढलेल्या माणसानं 'गो-वेंट'ला घाबरायचं कारण नव्हतं.

त्यात सोलापुरी मराठीचं स्वतःचंच एक प्रकरण. पुण्यात शिकायला होतो तेव्हा खोलीवरून गावाकडच्या मित्राला फोन लावला, "काय करलालास बे?" फोन ठेवल्यावर पुणेरी जोडीदारानं विचारलं, "हा भूतकाळ होता ना?" मी म्हटलं, चालू वर्तमानकाळ. त्याला पटेना, कारण त्यात दोन-दोन 'ला' होते, आणि त्याच्याकडं एका 'ला'त काम संपतं. 'करायला लागलास' हे घाईत चारदा म्हणून बघ म्हटलं. त्यानं म्हटलं, आणि गडबडून पाचव्यांदा तोही 'करलालास' म्हणाला.

पण सगळ्यात मोठी गंमत मला ऑफिसात लक्षात आली. ज्या क्रियापदांची तीन-तीन रूपं मागाच्या तालावर घोकली, ती मी दिवसभर वापरतो, पण एकाचंही दुसरं रूप लागत नाही. मेल सेंड केला. 'सेंट'ची गरज पडली नाही. फोन कट केला. रेकॉर्ड ब्रेक केला. 'केला' हे आपलं वाकडं, पण एकदा ते पाठीमागं उभं राहिलं की इंग्रजीतली वाकडी-तिकडी सगळी क्रियापदं पहिल्या रूपात गप उभी राहतात. मोबाईल हँग झाला. हंग नाही, हँग्ड नाही. सरांना हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे. छत्रीकडं बघितलं असतं बहुतेक.

परवाच्या रविवारी भाचीचा मेसेज आला, "मामा, कुठं आहेस? इंग्रजीचा पेपर उद्या आहे."

मी लगेच टाकलं, "येलालो."

दोन मिनिटांनी उत्तर, "हे कितवं रूप?"

मी अजून चप्पल शोधत होतो.