चालता चालता मीटिंग

ऑफिसच्या वॉकिंग उपक्रमात आज आमची पहिली चालती मीटिंग झाली. लॅपटॉप नाही, स्लाइड्स नाहीत. एरवी टेबलाच्या टोकाला गप्प बसणारी नवी सहकारी शेजारून चालताना भरभरून बोलली. आठवडाभर अडलेलं वेळापत्रक तिनेच सोडवलं! फार बरं वाटलं.

एक मात्र मनापासून वाटतं, पावलांची चढाओढ नको. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या विक्रीतून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. भरभर चालणं त्यातच आलं. गुडघे दुखणाऱ्यांना, व्हीलचेअरवाल्यांनाही यात जागा हवी. उद्याच एचआरला तसं लिहून देते.