आमची वाटचाल : बी तुमचे, घाणा आमचा

सोलापुरात ज्याने लहानपणी उखळात शेंगाचटणी कुटताना पाहिली आहे, त्याला लाकडी घाणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दाण्यावर सावकाश आणि सतत दाब येत राहिला की तेल आपणहून सुटते. घाई केली की दाणा नुसता भरडला जातो. आमचा घाणा म्हणजे 3 अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारे, मिनिटाला 14 फेरे घेणारे मोठे उखळच आहे. 2011 साली एका घाण्यावर सुरुवात केली आणि आज आमच्याकडे दोनच घाणे आहेत. या काळात आमच्यामागून आलेल्या काहींनी दहा-दहा घाणे मांडले आणि विकलेही, हे मुद्दाम नमूद करतो.

आमच्या आजोबांचा बैलघाणा होता. मोटरवर चालणाऱ्या लोखंडी तेलगिरण्या तालुक्याच्या गावी आल्यावर तो बंद पडला, त्याचे दगडी उखळ परसात पालथे पडून राहिले आणि आम्ही भावंडे त्यावर बसून अभ्यास करत असू. मी स्वतः यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होतो. यंत्राची भाषा मला कळत होती, लाकडाची कळत नव्हती, आणि त्याची किंमत मी पहिल्याच वर्षी मोजली.

घाण्याची लाट, म्हणजे उखळात बसून दाणा दाबणारा लाकडी दांडा, बाभळीची असावी, हे सगळेच सांगतात. ती बाभूळ किती वाळलेली असावी, हे कोणी सांगत नाही. मी घाईने विकत घेतलेली लाट वरून कोरडी आणि आतून ओली होती. चौथ्या महिन्यात तिला बोटभर लांब चीर गेली. त्या चिरेत तेल मुरले, मुरलेले तेल खवट झाले आणि तो वास पुढच्या प्रत्येक घाण्याला लागू लागला (एका वेळी गाळायला घातलेल्या बियालाही आम्ही घाणाच म्हणतो). आम्ही उखळ धुतले, फडकी बदलली, दाणा बदलला, पण वास हटेना. अखेर मोहोळकडच्या एका म्हाताऱ्या सुतारांना आणले. त्यांनी लाटेला नाक लावले आणि एवढेच म्हणाले, "मालक, रोग बियात न्हाई, लाकडात हाय." त्या चार महिन्यांतले 40 लिटर तेल देवळांना दिव्यासाठी देऊन टाकावे लागले.

त्या सुतारमामांविषयी लिहिल्याशिवाय ही वाटचाल पुढे सरकणार नाही. त्यांच्या वडिलांनी वर्ध्याच्या धर्तीचे सुधारलेले घाणे बसवले होते. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत, आणि तेथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी गावठी घाण्याचा एकेक भाग तपासून जी सुधारित रचना तयार केली, ती मगनघाणी म्हणून ओळखली जाते. मामांना यातले साल-तारीख काही ठाऊक नव्हते. लाट उखळात किती कलती बसवायची, एवढेच त्यांना वडिलांकडून मिळाले होते, आणि ते कागदावर मांडता येत नाही. लाट आणि उखळ यांत फट जास्त राहिली तर पेंड तेलकट निघते आणि मालकाचे नुकसान होते. फट कमी राहिली तर लाकूड तापते आणि तेलाची चव जाते. मामा दर घाण्याला पेंडेची खापरी हातात घेऊन गालाला लावत. ती कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. त्यांनी स्वतः वाळवलेल्या बाभळीची लाट आम्हाला दिली आणि पहिली दोन वर्षे मजुरीऐवजी भागीदारी घेतली. आमच्याकडे थर्मामीटर आहे, पण तो तपासणीला येणाऱ्यांसाठी; आम्ही अजून गालच वापरतो.

मधली चार वर्षे बरी गेली.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही बुडता बुडता वाचलो, तिच्याकडे येतो. 2017 च्या दिवाळीच्या आधी आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे एक नवे दुकान उघडले. समोर काचेआड सुंदर पॉलिश केलेला लाकडी घाणा, त्यावर हार, भिंतीवर बैलाचे मोठे चित्र. शेंगदाण्याचे तेल 140 रुपये लिटर. आमचे तेव्हा 210 होते. पहिल्या आठवड्यात मी त्यांचे कौतुकच केले, कारण घाणे वाढावेत असे मला मनापासून वाटत होते. दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन बसलो.

घाण्याचा हिशेब झाकून ठेवता येत नाही. 18 किलो शेंगदाण्याचा एक घाणा पाऊण-एक तास चालतो आणि त्यातून सात लिटरच्या आसपास तेल उतरते, म्हणजे एका लिटरला अडीच किलो दाणा लागतो. त्या हंगामात आम्हाला निवडलेला दाणा 80 रुपयांनी पडत होता, म्हणजे 200 रुपये दाण्याचेच झाले. दीड किलो पेंड 30 रुपयांनी विकली तर 45 परत आले. उरले 155. त्यात मजुरी नाही, वीज नाही, भाडे नाही, बाटली नाही आणि तळाला जाणारा साकाही नाही. जो मनुष्य 140 ला तेल विकतो, तो एक तर धर्मादाय करतो किंवा त्याच्या तेलात शेंगदाण्याखेरीज आणखी काही असते. त्यांच्याकडे घाणा सकाळी तासभर चाले आणि दुकान रात्री नऊपर्यंत विके. मागच्या गल्लीत पंधरा किलोचे पत्र्याचे रिकामे डबे भंगारवाला गोळा करत असे. याहून अधिक मी लिहिणार नाही, कारण मी तेल तपासून घेतलेले नाही. परंतु त्रैराशिक शाळेत प्रत्येकाने शिकलेले असते, आणि आमच्या एकाही जुन्या ग्राहकाने ते करून पाहिले नाही, याचे शल्य आजही आहे.

उलट आम्हालाच प्रश्न आले. "तुमचे इतके महाग कसे?" पाच वर्षे ज्यांच्या घरी डबे पोचवले, त्यांनी रस्त्यात मान वळवली. जानेवारी 2018 मध्ये दिवसाला एक घाणाही निघेना. बँकेचे दोन हप्ते थकले, सौभाग्यवतींच्या पाटल्या गहाण पडल्या आणि 19 दिवस शटर बंद राहिले. घाणा विकायचा आहे, अशी पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती. ती अजून माळ्यावर आहे.

पाटी लागायच्या आधी बाई आल्या. बाई म्हणजे मला चौथीला शिकवलेल्या, निवृत्त झालेल्या आमच्या शिक्षिका. पहिल्या दिवसापासून त्या स्वतःची कल्हई केलेली पितळी चरवी घेऊन येत आणि आमच्या प्लास्टिकच्या बाटलीला हात लावत नसत. यावरून आमचा नेहमी वाद होई. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन माणसे दगावली आणि त्यानंतर खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकण्याचा आदेश निघाला. त्यामागचे कारण योग्य आहे आणि आम्ही त्याविरुद्ध नाही. पण लहान घाणेवाल्याला त्यामुळे तेलासोबत बाटली विकावी लागते आणि बाटली नको असलेल्या गिऱ्हाइकाला ती घ्यावी लागते. बाई बाटलीतले तेल दुकानातच चरवीत ओतून घेत आणि रिकामी बाटली माझ्यासमोर ठेवून म्हणत, "हे तुझे तुझ्याजवळ ठेव."

त्या दिवशी त्या रिक्षातून करडईची दोन पोती घेऊन आल्या होत्या. त्यांच्या भावाची मंगळवेढ्याला शेती आहे. त्या काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असतात. "तुझे तेल मला नको. माझे बी गाळून दे, मजुरी घे आणि हिशेब लिहून दे," असे त्या म्हणाल्या. मी शटर उघडले. चार किलो करडईला एक लिटर या हिशेबाने तेल उतरले, त्या शेवटपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या आणि पेंडही पोत्यात भरून घेऊन गेल्या. आजोबांच्या काळी घाणा असाच चालत असे, हे मला तेव्हा आठवले. तेल विकणे हा आमच्या घरचा धंदा नव्हताच. लोकांचे बी गाळून देणे हा धंदा होता. बी गिऱ्हाइकाचे, तेल गिऱ्हाइकाचे, भांडे गिऱ्हाइकाचे. त्यात विक्री नाही, बाटली नाही आणि संशयालाही जागा नाही.

बाईंची नऊ जणींची भिशी होती. त्या वर्षी त्या बायकांनी भिशीचे पैसे एकत्र करून फेब्रुवारी-मार्चच्या सुगीत मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांकडून थेट करडई घेतली आणि पुढे शेंगदाणाही. करडईला काटे फार. काढणी पहाटे दंव असताना, काटे मऊ असतात तेव्हा करावी लागते. मजूर मिळत नाहीत, म्हणून अनेकांनी हे पीकच सोडून दिले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत, परंतु आमच्या भागातले शेतकरी खात्रीचे गिऱ्हाईक दिसल्याखेरीज बी बदलत नाहीत. भिशीने ते गिऱ्हाईक दाखवले. दुसऱ्या वर्षी दोन शेतकऱ्यांनी करडईच्या ओळी वाढवल्या.

आज या पद्धतीत 64 घरे आहेत. एक चाळण, एक तोलकाटा आणि एक वही सामाईक आहे. बी पाखडून, ऊन देऊन, कडुलिंबाच्या पाल्यात ज्याचे त्याने ठेवावे आणि महिन्याला लागेल तेवढेच आणावे, अशी रीत पडली आहे. ज्याचा घाणा असेल त्याने किंवा त्याच्या घरातल्या कोणीतरी समोर बसायचे. नोकराला पाठवलेले चालत नाही. पेंड वस्तीतल्याच एका गवळ्याकडे जाते आणि ज्यांची पेंड जाते त्यांचा दुधाचा हिशेब त्यातून वजा होतो. सुरुवातीला मला हा सगळा व्याप वाटला होता, हे कबूल करतो. आता या 64 घरांमधून तेलाची एकही प्लास्टिकची बाटली महापालिकेच्या घंटागाडीत पडत नाही.

ते पलीकडचे दुकान? 2022 च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, युक्रेनमधल्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल आधीच अडकले होते, आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या आपल्या देशात भाव भडकले. शेंगदाणा मात्र आपल्याच रानातला. त्याच दोन महिन्यांत पलीकडच्या "शेंगदाणा" तेलाचा भावही एकाएकी का वाढला, याचा विचार ज्याचा त्याने करावा. वर्षअखेर तिथे मोबाइलचे दुकान आले. आमचे जुने ग्राहक परतले. पुष्कळ जण परतले, पण का गेलो होतो, हे त्यांतल्या एकानेही सांगितले नाही. मीही विचारले नाही. फक्त वहीत त्यांचे नाव नव्या पानावर लिहिले, जुन्या पानावर नाही.

कोणी विचारलेले नाही, तरी चार गोष्टी सांगतो. घाण्याचे तेल औषध नव्हे. त्याने हा रोग जातो, तो रोग जातो, असे सांगणाऱ्या घाणेवाल्याकडून तेल घेऊ नये. करडई आणि जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून वर्षाचे बी साठवावे, वर्षाचे तेल साठवू नये. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा कढईत चढवण्यापेक्षा तळणच कमी करावे. गरम भाकरीवर चटणी आणि कच्चे करडई तेल घेऊन पाहावे, म्हणजे महिन्याचे तेल आपोआप कमी लागते. हे मी तेलाच्या धंद्यात राहून सांगतो आहे. बुरशी आलेला एक दाणासुद्धा घाण्यात जाऊ देऊ नये, त्यासाठी निवडायला बसावे आणि घरातल्या मुलांनाही बसवावे. आणि घाणा सुरू करू इच्छिणाऱ्यांनी मोटर घेण्याआधी लाकूड घ्यावे.

सुतारमामा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या लाटेचे डोके आता झिजले आहे आणि ती एकदा तासून झाली आहे. पुढची लाट लागेल म्हणून बाभळीचा एक ओंडका शेडमागे पत्र्याखाली ठेवला आहे. त्याला दोन उन्हाळे झाले. कोणी कितीही घाई केली तरी तिसरा झाल्याशिवाय त्याला सुताराचा वाकस लागणार नाही.

यंदाच्या करडईची नोंद माघ संपेपर्यंत घेतली जाईल. डबे धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून आणावेत; ओला डबा, मग तो बाईंचा असला तरी, परत पाठवला जातो. बाईंची चरवी एकदाच परत पाठवली होती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चरवीला नवी कल्हई करून, कोरडी करून घेऊन आल्या.