मगाचे फोटो

डिसेंबरात तारकर्लीला समुद्राखाली फोटो काढायला जायचंय, म्हणून सरावाला आज सकाळी सहाला कोथरूडच्या पोहण्याच्या टँकवर कॅमेरा घेऊन उतरले. मॉडेल म्हणून बाथरूममधला लाल मग, दगड भरून बुडवलेला. आई म्हणाली, "मगाचे फोटो काढायला पाण्यात कशाला जायला हवं?" रास्त प्रश्न.

पाण्यात वस्तू पाव अंतर जवळ दिसते, हे वाचलेलं. तरी तो मग उचलायला गेले तर हात नुसता पाण्यात! लांबून काढलेला मग फोटोत विटकरी, मळकट. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. हातभर अंतरावर गेले तेव्हा कुठे लाल आला. पण फ्लॅश लेन्सला चिकटून धरलेला, त्यामुळे पाण्यातला कण न् कण चमकला, फोटोत जणू बर्फ पडतोय. फ्लॅश लांब, बाजूला धरायचा असतो म्हणे. तिसरा हात कुठून आणू?

खरा वेळ गेला तो कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ केसिंगच्या रबरी रिंगवर. खोबणीत एक केस, माझाच. बॅटरीच्या उजेडात दिसला म्हणून वाचले. तेवढ्या फटीतूनही पाणी आत शिरतं. आणि कॅमेऱ्याचे ७ हप्ते अजून बाकी आहेत.

६२ फोटोंत एक बरा आलाय. त्यात मग नाही, शेजारच्या लेनमधल्या आजोबांचे पाय आहेत.